रविवारचं विमान

नाही, पण मला एक सांगा, माणसाचा उजवा हात खांद्यापर्यंत पत्र्याच्या भोकात, डावा गाल त्याच थंडगार पत्र्याला चिकटलेला, मुठीत दीड किलोचा लोखंडाचा ठोकळा, आणि अशा अवस्थेत नाकाला खाज सुटली, तर त्यानं काय करायचं? बोला ना! ... नाही येणार उत्तर. कारण तुम्ही सगळे सुखी आहात. तुमच्यापैकी कुणाच्याही बहिणीच्या नवऱ्यानं घरच्या घरी विमान करायला घेतलेलं नाही!

हो, विमान. खेळण्यातलं नव्हे हो, बसून उडायचं! दोन सीटचं, खाली पंख, वर काचेचं झाकण. आमचे भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. तीस वर्षं लोकांच्या इमारतीत वर-खाली, वर-खाली... त्यात माणसाचं काहीतरी होत असणार, नाही का? एक दिवस पेटीभर नकाशे आले, मग पत्रे आले, मग गाडी गॅरेजच्या बाहेर आली ती आजतागायत उन्हात उभी आहे. आणि मग ताईचा फोन आला. ‘अरे बारक्या, रविवारी काय करतोयस? ह्यांना आत शिरायला कुणीतरी बारीक माणूस हवाय.’ माझं तेव्हा नुकतंच लग्न मोडलं होतं, तो विषय जाऊ द्या, रविवारी मी काहीच करत नव्हतो. म्हटलं, येतो. एक रविवार जाईल.

नऊ वर्षं! तुम्हाला सांगतो, नऊ वर्षांचे सगळे रविवार!

आता काम काय, तर ते ऐका. पत्र्याला पत्रा जोडायचा तो रिव्हेटनं. रिव्हेट म्हणजे एक बारकी, मऊ धातूची खिळी. ती भोकात घालायची. बाहेरून भावजी हवेची बंदूक लावणार, टर्रर्रर्र! आतून मी लोखंड टेकवून धरणार. त्या दोघांच्या मध्ये खिळीचं शेपूट चेपतं आणि त्याचं छान गोल बटण होतं. झालं बटण, की आतल्या माणसानं बोटानं चाचपायचं आणि ओरडायचं, ‘बसला!’ की पुढचा. टर्रर्रर्र. ‘बसला!’ पुढचा. असे किती? बारा हजार!

आणि गंमत बघा, बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येतं. म्हणजे सगळं विमान शेवटी कशावर उभं राहिलं? माझ्या ‘बसला’वर! मी कोण? मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. दिवसभर लोकांना विचारतो, ‘आता बरं दिसतं, की आता?’ आणि रविवारी स्वतः डोळे मिटून भोकात हात! डोळे मिटून, कारण उघडले की त्यात पत्र्याचा किस जातो. कुणी विचारत नाही हो मला, आता बरं दिसतं का! मी आपला म्हणतो... ‘बसला!’

बरं, गॅरेज एवढंसं. डावा पंख झाला तो भिंतीला टांगला. उजवा झाला तो कुठे ठेवायचा? झोपायच्या खोलीत! दीड वर्ष ताई पलंगाच्या एकाच बाजूनं उतरायची. शेपटीला तर खोलीच उरली नाही, ती कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. पाहुणे आले की विचारायचे, ‘हे काय?’ ताई सांगायची, ‘शेपूट.’ पाहुणे पुढे काही विचारायचे नाहीत. परत यायचेही नाहीत.

त्या शेपटीत मी एकदा अडकलो. खरं सांगतो, पहिल्या वर्षी मी त्यात उंदरासारखा जाऊन यायचो, अठ्ठावन्न किलो होतो मी! पण दर रविवारी ताईकडचं जेवण, त्यात ताई वाढणारी. ‘घे रे अजून, दिवसभर पडून काम करतोस.’ पडून काम करतो, म्हणजे वजन वाढणारच की! तर सहाव्या वर्षी मी आत गेलो, तो कमरेला थांबलो. भावजी बाहेरून, एकदम शांत, लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईशी बोलावं तसे, ‘घाबरू नकोस. श्वास सोड. हालचाल करू नकोस.’ मी म्हटलं, ‘भावजी, मला बाहेर काढा!’ तर म्हणतात, ‘काढतो. पण आत आहेसच तर तेवढे चार मारून घेऊ का?’ मारले! चारही मारले! मी ओरडलो, बसला, बसला, बसला, बसला! मग भावजी आणि ताई, दोघांनी एकेक पाय धरून मला ओढून काढला.

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास तर जायचं कशाला? सांगतो ना. भावजींनी मला पहिल्याच रविवारी शब्द दिला होता. हात पुसत म्हणाले, ‘हे बघ, विमान उडालं की शेजारची पहिली सीट तुझी. ताईच्याही आधी.’ भावजी कधी बढाई मारत नाहीत, त्यामुळे ते माझ्या मनात जाऊन बसलं. दुकानात मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचो, आणि मनात मी ढगात असायचो! आठवड्याचे सहा दिवस मी त्या सीटवर काढले. सातव्या दिवशी हात भोकात.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी कुणाला सांगितलेली नव्हती. तुम्हीही बाहेर बोलू नका. तिसऱ्या वर्षीची. उजवा पंख. बुडापासून, म्हणजे पंख विमानाला जोडतो तिथून, चौदावी खिळी. सकाळपासून माझ्या हाताला मुंग्या आलेल्या, खांद्याचं काय झालं होतं ते मला कळतही नव्हतं, आणि आतून ताईची हाक आली, ‘पानं घेतली आहेत रे!’ त्याच क्षणी टर्रर्रर्र! लोखंड घसरलं. मी बोटानं चाचपलं... बटण नाही. शेपूट एका अंगावर लोळलेलं. तिरकं. आता खरं बोलायचं तर तो काढायचा, काढायचा म्हणजे ड्रिलनं डोकं उडवायचं, भोक मोठं होऊ नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं, पाऊण तास गेला! आणि ताई दुसऱ्यांदा हाक मारतेय. भावजी बाहेरून विचारतायत, ‘काय रे?’ आणि मी काय म्हटलं असेल?

‘बसला!’

जेवलो. गार पाणी प्यायलो. आणि विसरलो म्हणता? छे! त्यानंतर पुढची सहा वर्षं रात्रंदिवस मला ती चौदावी खिळी बोटाला लागायची. सांगायचं तर कसं सांगायचं? आतली बाजू पत्र्यानं बंद झाली, वरून रंग चढला... एका रविवारी सांगणार होतो, तर भावजी म्हणाले, ‘तुझ्यावर माझा भरवसा आहे म्हणून झालं हे.’ झालं! आता कसं सांगणार?

शेवटी विमान पूर्ण झालं. गावाबाहेर एक मैदान आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन जोडलं. तिथे एक मास्तर असतात, म्हातारे, भावजींना उडवायला त्यांनीच शिकवलं, आम्ही त्यांना वारामास्तर म्हणतो, कारण ते कधीही भेटले तरी बोट ओलं करून हवेत धरतात आणि म्हणतात, ‘वारा बरोबर नाही.’ त्या दिवशीही आल्या आल्या त्यांनी तेच म्हटलं. मग तपासनीस साहेब आले. उंच माणूस, आवाज अगदी नाकातला. सगळ्या विमानाभोवती तीन फेऱ्या मारल्या, मी त्यांच्या मागे मागे, चौदाव्या खिळीपाशी तर मी मुद्दाम पंखाला टेकून उभा राहिलो! मग तीन चाकांखाली तीन वजनकाटे लावले, आकडे लिहिले, बेरीज केली, आणि नाकातून म्हणाले, ‘विमान चांगलं आहे... जाड आहे.’

सतरा किलो जास्त! भावजींनी रंगाचा एक हात जास्त दिलेला, ताईनं सीटला जाड गाद्या शिवलेल्या. तपासनीस साहेबांनी पेन्सिल फिरवली आणि निकाल दिला, ‘शेजारच्या सीटवर जास्तीत जास्त एकसष्ट.’ आणि सगळे वळून माझ्या पोटाकडे बघायला लागले. सगळे! वारामास्तरसुद्धा! मी अठ्ठ्याहत्तर होतो.

बरं, एवढंच नाही. असल्या घरच्या विमानाला नियम असतो, पहिले चाळीस तास चालवणाऱ्यानं एकट्यानंच उडवायचं. शेजारी माणूस बसवायचा नाही. पण माणसाच्या वजनासकट ते कसं उडतं, हे तर बघायला हवं, नाही का? मग काय करायचं? वाळू! पोत्यात वाळू भरायची, एकसष्ट किलो मोजून, आणि शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावायचा. माझ्या सीटवर! नऊ वर्षं लोखंड मी धरलं, आणि पहिल्यांदा वर कोण गेलं? पोतं! भावजींचा विनोद म्हणजे वर्षातून एकदा येतो, तो नेमका तेव्हा आला. पोत्याला थोपटून म्हणाले, ‘चला मेव्हणे.’ आणि उतरल्यावर मला सांगतायत, ‘धाकटे मेव्हणे छान बसले. हालचाल नाही, बडबड नाही.’

मी खाली उभा. मान वर करून. विमान वळलं, ऊन पंखावर चमकलं, आणि मी काय बघत होतो? चौदावी खिळी! जमिनीवरून! तेवढ्या उंचीवरची! शेजारी वारामास्तर बोट धरून, ‘वारा बरोबर नाही.’ आत माझ्या बहिणीचं कुंकू आहे हो, आणि ते माझ्या एका ‘बसला’वर लटकलंय!

पण पंख काही पडला नाही. चाळीस तास झाले. आणि इकडे मी काय केलं? उपाशी राहिलो. चार महिने! काकडी. नुसती काकडी! दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, ‘तुम्हाला बरं नाही का?’ पँट घसरायला लागली तेव्हा भावजींना म्हटलं, पट्ट्याला भोकं पाडून द्या. त्यांनी पाडली, आणि प्रत्येक भोकाला रिव्हेटची कडी बसवून दिली. आता तो पट्टा माझ्याहून जड आहे. पण तुम्हाला सांगतो, परवाच्या रविवारी सकाळी मी काट्यावर उभा राहिलो, आणि काटा एकसष्टवर! मी रडलो. खरंच रडलो, त्यात लाज कसली?

मैदानावर गेलो. ताई डबा घेऊन आलेली. वारामास्तरांनी बोट धरलं... आणि पहिल्यांदा आयुष्यात काही बोललेच नाहीत! भावजी म्हणाले, ‘बूट काढ.’ म्हटलं, का? तर ‘बुटाचं वजन धरलेलं नाही.’ मी बूट काढले. मोज्याला भोक. अंगठा बाहेर. नऊ वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, त्या क्षणी मी पाय ठेवायच्या काळ्या पट्टीवर पाय ठेवून, अंगठा बाहेर काढून पंखावर चढलो. सीटवर बसलो. गादीवर वाळू होती, ती झटकली. कानावर ते मोठे कानटोप चढवले, त्यात भावजींचा आवाज, अगदी डोक्याच्या आत, ‘दार ओढून घे.’ लिफ्टचीच सवय.

आणि निघालो. खडखड, खडखड, सगळं विमान हादरतंय, माझे दात वाजतायत, बारा हजार खिळ्या मला एकेक ओळखू येतायत, आणि मग... तुम्हाला माहीत आहे का, जमीन सुटते तेव्हा काय होतं? काहीच होत नाही! खडखड थांबते. बस, एवढंच. सगळं गप्प आणि मऊ होतं, आणि मग तुमच्या लक्षात येतं की झाडं खाली चालली आहेत. मी हसायला लागलो. कारण नसताना! गच्चीवर एक बाई चादर झटकत होती, तिनं मान वर केली. एक बस बिचारी रस्त्यानं हळूहळू चालली होती. ताईचं घर दिसलं, घरासमोर ती उन्हातली गाडी दिसली, माझं दुकान काही दिसलं नाही आणि त्याचं मला भयंकर बरं वाटलं. किती सुंदर होतं ते! मला दुसरा शब्द येत नाही. मी सुखी होतो हो. इतकी वर्षं मला वाटायचं की ते आपल्याला आता काही जमायचं नाही.

आणि नेमकं तेव्हा मी उजवीकडे पंखाकडे बघितलं.

खिळ्यांची ओळ. बुडापासून. एक, दोन, तीन... मोजायचं नाही, मोजायचं नाही म्हणतोय, आणि मोजतोय! बारा, तेरा... चौदा. तीन हजार फुटांवर! मी म्हटलं, ‘भावजी.’ ‘बोल.’ ‘भावजी, मी एकदा खोटं बोललो.’ ‘कधी?’ ‘उजवा पंख. बुडापासून चौदावा. बसला नव्हता. मी म्हटलं बसला. भावजी, मला भूक लागली होती!’

भावजींनी समोरच्या उंची-वेगाच्या घड्याळांवरची नजरही हलवली नाही. म्हणाले, ‘चौदावा ना? काढला मी तो.’

‘काढला? कधी?’

‘दुसऱ्याच दिवशी. सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी आरसा घालून बघायचो ना मी. बॅटरी धरून. दर सोमवारी.’

दर सोमवारी! मी विचारलं, ‘म्हणजे माझे किती काढले?’ त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. ‘दोनशे... दोनशे साठ असतील.’ ‘आणि परत बसवले? मग आतून लोखंड कोण धरायचं?’

‘तुझी ताई.’

ऐकताय ना? ताई! ‘तिचा,’ भावजी म्हणाले, ‘एकही काढावा लागला नाही.’ मी म्हटलं, ‘मग मला कशाला हो बोलवत होतात नऊ वर्षं?’ आणि भावजी तसे सरळ माणूस, त्यांना दुसरं काही सुचलं नाही, खरं तेच बोलून गेले. ‘तू रविवारी एकटा असायचास ना. ताईला काळजी वाटायची.’

इंजिनाचा आवाज मोठा होता. मला ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं. काचेकडे तोंड करून बसलो. खाली काय काय गेलं मला सांगता येणार नाही, सगळं धूसर दिसत होतं, आता बरं दिसतं की आता, कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कुठल्याच काचेनं नाही.

मग डोळे पुसून म्हटलं, ‘जाऊ द्या. निदान पहिली सीट तरी मला मिळाली.’ भावजी एकदम समोरचं एक घड्याळ पुसायला लागले. ‘भावजी?’ ‘अं... त्याचं असं झालं, तुझं वजन उतरायला वेळ लागत होता. चाळीस तास तर मागच्याच महिन्यात झाले. आणि ताईचं मुळातच चोपन्न आहे.’

उतरलो. चाकं टेकली, पुन्हा खडखड. ताई डबा घेऊन पुढे आली, चेहरा असा, जसं काही तिला काहीच माहीत नाही. ‘काय रे बारक्या, घर दिसलं का आपलं?’ मी म्हटलं, ‘ताई, लोखंड तू धरायचीस?’ तर म्हणते, ‘सांगितलं का ह्यांनी? अरे, तू काही वाईट नाही धरत. फक्त जेवायची वेळ झाली की जरा घाई करतोस.’ आणि डबा उघडला. भांडायचं होतं मला, अगदी मनापासून भांडायचं होतं, पण चार महिने काकडी खाल्लेल्या माणसाला उघड्या डब्यासमोर भांडता येतं का? जेवलो. तिघेही पंखाच्या सावलीत बसून. आणि जेवता जेवता भावजींनी पाण्याच्या बाटलीनं जमिनीवर एक रेघ ओढली. मग दुसरी. मला ती रेघ ओळखू आली हो! मी म्हटलं, ‘भावजी, नाही.’

‘चार सीटचं,’ भावजी म्हणाले. ‘दोन आम्ही, एक तू.’

‘आणि चौथी?’

ताई वाढता वाढता म्हणाली, ‘राहू दे की मोकळी. सांगता येत नाही, कुणी भेटलं तुला तर.’

घ्या! मी हात टेकले. म्हटलं, ठीक आहे, पण माझी एक अट आहे. आरसा मी धरतो, बॅटरी मी धरतो, झाडू मारतो, पण लोखंड ताईच्या हातात द्या, ज्यांना जमतं त्यांनीच ते करावं. भावजींनी विचार केला. अगदी गंभीरपणे, लिफ्टचा दोर तपासावा तसा. आणि म्हणाले...

‘नको, लोखंड तूच धर. आमचा सोमवार आहे की.’